क्रीडा-पत्रपेटी : मेंडोझाच्या खाली

प्रश्न : सप्रेम नमस्कार सर. माझी नात नववीत आहे, शाळेकडून सॉफ्टबॉल खेळते, फिल्डिंगला शॉर्टस्टॉप या जागी उभी राहते. तिच्याकडं आलेला बॉल सहसा सुटत नाही, पण बॅटिंगला गेली की बहुतेक वेळा हात हलवत परत येते. तिच्या मावसभावानं मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि आता घरात तिला 'मेंडोझा' म्हणूनच हाक मारतो. परवा पोरगी रडली आणि ग्लव्ह माळ्यावर टाकून दिला. हा मेंडोझा कोण? आणि तिला खेळ सोडायला सांगू का? — एक आजोबा, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आजोबा (वयानं आपण दोघं एकाच बाकावरचे, पण सही तुम्हीच तशी केलीय), आधी तो ग्लव्ह खाली काढा. पावसाळा आहे, चामड्याला बुरशी धरते.

मारिओ मेंडोझा हा मेक्सिकोतल्या चिवावाचा, जन्म 1950 चा. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, तो 1974 ला पिट्सबर्गकडून उतरला, पुढं सिअ‍ॅटल आणि टेक्सासकडून 1982 पर्यंत खेळला. जागा तीच, तुमच्या नातीची. मेक्सिकोत त्याला 'मानोस दे सेदा' म्हणायचे, म्हणजे रेशमी हात. तुमच्या नातवानं हे वाचलेलं दिसत नाही.

त्यानं वाचलं ते 1979 चं. त्या वर्षी मेंडोझा सिअ‍ॅटलकडून 148 सामने खेळला आणि सरासरी पडली .198. म्हणजे हजार वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर 198 हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या थांब्यावर, पोचणं). तिकडं रविवारच्या पेपरात सगळ्यांच्या सरासऱ्या उतरत्या क्रमानं छापून यायच्या आणि हा गडी कायम तळाशी. संघातल्याच सोबत्यांनी थट्टेत 'मेंडोझा लाईन' काढली. ती जॉर्ज ब्रेटच्या कानावर गेली आणि त्यानं सगळीकडं केली. (ब्रेट म्हणजे 1980 ला .390 मारणारा माणूस. त्याला काय जातंय?) तेव्हापासून .200 च्या खाली कुणी घसरला की 'मेंडोझाच्या खाली गेला' म्हणतात.

नशीब कसं बघा. 1978 च्या शेवटी पिट्सबर्गनं याला सिअ‍ॅटलला दिला, आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, जिंकलं. इकडं याचा नवा संघ 95 सामने हरला. आणि ज्या रेघेला याचं नाव लागलं, तिच्या वरच त्याची कारकीर्द संपली : सरासरी .215. चेष्टा झाली त्याच्या पुढच्या वर्षी तर त्यानं .245 मारलं. पण एकदा चिकटलेलं नाव निघत नाही, हे पेठेत राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू!

आता तुमच्या नातवाला एकच विचारा. बॅट चालत नाही अशा माणसाला व्यवसायी संघ नऊ हंगाम कशासाठी पगार देतील? पुढं तो मायदेशी परतून आणखी काही वर्षं खेळला, आणि 2000 साली मेक्सिकोच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं.

उत्तर त्या जागेत आहे. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो आणि उजव्या हाताच्या बॅटरचे जमिनीवरचे तडाखे बहुतेक तिकडंच जातात. बेसबॉलमध्ये पहिला बेस 90 फुटांवर. बॅटर तिथं चारेक सेकंदांत पोचतो. तेवढ्यात बॉल गाठायचा, धरायचा, ग्लव्हमधून काढायचा आणि फेकायचा. सिअ‍ॅटलचं तेव्हाचं मैदान तर छताखालचं, कृत्रिम गवताचं, त्यावर बॉल सपसप सरकत यायचा. रेशमी हात म्हणजे बॉल ग्लव्हवर आपटू द्यायचा नाही, तो आला की हात त्याच्यासोबत किंचित पोटाकडं आणायचे. गुडघे वाकलेले, वजन चवड्यावर, ग्लव्ह मातीला टेकलेला. मी पोरींना सांगायचो, गंगावेस तालमीत जाऊन पैलवान सलामीनंतर कसा उभा राहतो ते बघून या.

आकड्यांचं कौतुक आपल्या गावाला आहेच. भाऊसाहेब निंबाळकरांचे 1948 मधले नाबाद 443, ब्रॅडमनच्या विक्रमी 452 पासून नऊ धावांवर असताना समोरच्यांनी सामनाच सोडून दिला, ही गोष्ट इथं पोरांना पाळण्यात सांगतात. पण एकनाथ सोलकरांना आपण कशासाठी आठवतो? 27 कसोटींत 53 झेल, त्यातले बरेचसे फॉरवर्ड शॉर्टलेगला, बॅटच्या पुढ्यात उभं राहून, तेही हेल्मेट नसताना.

माझी एक चूक सांगतो. शाळेत कोच असताना अशाच एका मुलीला मी बॅटिंग नाही म्हणून बाकावर बसवली. तिच्या जागी ठोकणारी घेतली. त्या सामन्यात ठोकणारीच्या पायांमधून तीन बॉल गेले आणि आम्ही दोन रन्सनी हरलो. स्कोअरबुकात ठोकणारीच्या नावापुढं दोन हिट होत्या. बाकावरच्या मुलीच्या नावापुढं काहीच नव्हतं. वही घरी आणून मी बराच वेळ बघत बसलो होतो.

म्हणून तुम्ही एक वही घाला, आजोबा. सामन्याला जाताच ना? तिच्याकडं किती बॉल आले, किती धरले, किती फेकी पहिल्या बेसला वेळेत पोचल्या, एवढंच लिहा. महिन्यानं ती वही नातवाच्या हातात द्या.

बॅटिंगचं मात्र लाडानं झाकू नका. मेंडोझाच्या जागीसुद्धा अडचणीच्या वेळी दुसरा बॅटर पाठवायचेच. तिला रोज वीस बंट (बॅट न फिरवता बॉल हळूच पुढं टेकवणं) मारायला लावा आणि वाईट बॉल सोडायला शिकवा. चार बॉल सोडूनसुद्धा पहिला बेस मिळतो, आणि तिथं गेल्यावर कुणी सरासरी विचारत नाही.

प्रश्न : माझा मुलगा डावखुरा आहे. कोच त्याला शॉर्टस्टॉपला घेत नाहीत. हा अन्याय नाही का? — एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नाही. डावखुऱ्याला तिथून पहिल्या बेसकडं फेकायचं तर आधी अंग वळवावं लागतं, तेवढ्यात पळणारा पोचतो. त्याला पहिल्या बेसला उभा करायला सांगा, तिथं डावा हात कामाचा. किंवा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, करा.