वरच्यांचा पाइप फुटला, भरपाई कोणाची?

प्रश्न : पुण्यात आमचं कॉन्डोमिनियम आहे, सोसायटी नाही. असोसिएशनने अख्ख्या बिल्डिंगचा विमा काढलाय, मेंटेनन्समधून आम्ही पैसे भरतो. मे महिन्यात वरचे गावाला गेले आणि त्यांच्या गीझरचा पाइप फुटला, दोन दिवस पाणी चालू. माझं फॉल्स सीलिंग, किचन ट्रॉल्या, टीव्ही सगळं गेलं. चेअरमन म्हणतात विम्यात बसत नाही. मग विमा काढला कशाला?

उत्तर : राग येणारच हो, पण चेअरमन बहुतेक खरं बोलतायत. असोसिएशनची पॉलिसी साधारणपणे ढाच्याची असते, म्हणजे स्लॅब, भिंती, जिना, टाक्या. तुमच्या ट्रॉल्या आणि टीव्ही त्यात कुठून येणार? तरी पॉलिसीची कॉपी मागा आणि नक्की काय काय इन्शुअर केलंय ते स्वतः वाचा, कारण बऱ्याच कमिट्यांनी सुद्धा ते वाचलेलं नसतं! वरच्यांशीही बोला, पाइप त्यांच्या घरातला आहे, भरपाई मागायला लाजू नका.

कॉन्डोमिनियम म्हणजे 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं. फ्लॅट तुमच्या मालकीचा, शिवाय कॉमन जागेत तुमचा अविभाज्य हिस्सा. असोसिएशनने विमा काढला तरी आपल्या फ्लॅटचा वेगळा विमा काढायचा हक्क तुम्हाला आहेच, आणि तो काढाच.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची स्टँडर्ड पॉलिसी आहे. आग, भूकंप, पूर तर आहेच पण पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही त्यात येतं, म्हणजे तुमची केस अगदी हीच. फक्त भिंतीला वर्षानुवर्षं ओल येतेय, पोपडे निघतायत, ते नाही चालत, ती झीज धरतात.

आता रकमेचा घोळ. लोक फ्लॅट 95 लाखाला घेतला म्हणून 95 लाखाचा विमा मागतात, अहो जमिनीची किंमत कशाला इन्शुअर करता, जमीन काय जळणारे का? कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च, एवढंच. समजा 800 स्क्वेअर फूट आणि फुटाला 2500 धरले तर 20 लाख झाले. त्याच्या 20 टक्के, म्हणजे 4 लाख, घरातल्या सामानाला आपोआप मिळतात (कमाल मर्यादा 10 लाख). दागिने मात्र वेगळे सांगून घ्यावे लागतात.

आणि हो, होम लोनच्या वेळी बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी काढून बघा. कित्येकदा ती घराची नसतेच, कर्जदाराच्या आयुष्याची असते.

प्रश्न : आमची ठाण्यात सोसायटी आहे. विम्याचा हप्ता सगळ्यांना सारखा लावलाय, माझा तर वन आरके आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, विम्याचा खर्च बिल्ट-अप एरियाच्या प्रमाणात वाटायचा असतो, सारखा वाटायचा तो सर्व्हिस चार्ज आणि लिफ्टचा खर्च. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. आणि खालच्या गाळ्यात कोणी रंग, थिनर असलं काही साठवत असेल, त्यामुळे कंपनीने जास्त प्रीमियम लावला तर तो जादा पैसा त्या गाळेवाल्याने भरायचा, तुम्ही नाही.