बसलेले पाटे, मोठे टायर आणि ४० भागांचं कर्ज

तुमचं पत्र थोडक्यात असं: २२ वर्षांची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). रोज कामावर जायला तीच आणि महिन्यातून एखाद्या रविवारी दगडी, कच्च्या वाटांवरही तीच. वर्षाला साधारण ८,००० किलोमीटर. तिला ३ इंचांचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच), ३३ इंची मड-टेरेन (चिखलासाठीचे) टायर आणि रुंद रिम घालायचे आहेत. खर्चाचे १०० भाग धरले तर किट ४५, चार टायर ४०, रिम १५. हाताशी ६० भाग आहेत, उरलेल्या ४० भागांसाठी २ वर्षांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी मिळतंय. आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चाएवढा आहे, त्याला हात लावायचा नाही. कर्ज घ्यावं का?

घेऊ नका. आणि व्याज हे त्यातलं सगळ्यात लहान कारण आहे. ४० भागांवर महिना सुमारे १.९ भागाचा हप्ता बसेल, दोन वर्षांत व्याजापोटी ६ भाग जातील. तेवढ्यावरून मी कुणाच्या हौसेला आडवा येणार नाही. अडचण तुमच्या अंदाजपत्रकात आहे. त्यात दुरुस्ती आणि हौस एकाच पोत्यात भरली आहे, त्यामुळे कर्ज नक्की कशासाठी चाललंय तेच दिसत नाही.

दोन्ही वेगळे करून बघा. तुमच्या टायरवरच्या उत्पादन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ३५१७ आहेत, म्हणजे २०१७ सालचा ३५ वा आठवडा. खाचा अजून शिल्लक आहेत असं तुम्ही लिहिता, पण रबर वयानेही कडक होतं आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडायला लागतात. टायर १० वर्षांपलीकडे वापरू नये हा सर्वसाधारण दंडक, आणि कमी हवेवर दगडांतून जाणाऱ्या गाडीने तिथवर थांबायचं कारण नाही. म्हणजे टायर तुम्हाला तसेही घ्यायचेच आहेत. मूळ मापाच्या टायरला जेवढे पैसे पडले असते तेवढी दुरुस्ती, त्यावरचा फरक ही हौस.

पाट्यांचंही तेच. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप तुम्ही पाठवलंत हे फार बरं केलंत. (जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवा मापात घुसते.) वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा मागची डावी बाजू ३५ मिमी आणि उजवी २५ मिमी खाली आहे. थोडक्यात, पाटे बसलेत. नुसते मूळ उंचीचे नवे पाटे घातले तरी मागून सरासरी ३० मिमी परत मिळतील, आणि त्याला लिफ्ट म्हणायचं कारण नाही.

यातून दुसरी गोष्ट निघते. ३ इंचांचं किट मूळ उंचीवरून मोजलेलं असतं. तुमच्या आजच्या बैठकीवरून मागचा भाग ७५ नव्हे, १०० मिमीहून जास्त वर जाईल. मग मागची ब्रेकची नळी ताणली जाते, मागच्या अ‍ॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून विशिष्ट वेगाला घरघर सुरू होते, आणि शॉकअप आखूड पडले तर चाक खाली लोंबताना सगळा झटका त्यांच्याच टोकाच्या जोडकडीवर येतो. मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी तुमच्या गाडीत थेट अ‍ॅक्सलला जोडलेली आहे, त्याचा तर किटवाले उल्लेखही करत नाहीत. मागची बाजू उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. दांडीचा कंस (ब्रॅकेट) तेवढाच सरकवून घ्यावा लागतो. यातली एकही बाब तुमच्या ४५ भागांत नाही. पाचवा टायर आणि रिमही नाही. तुमच्याच दराने ती स्टेपनी जवळपास १४ भागांची. जुन्या मापाची स्टेपनी ठेवू म्हणाल, तर फोर-व्हीलमध्ये असताना वेगळ्या व्यासाचं एक चाक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला पीळ देतं. म्हणजे १०० चे ११४ झाले, आणि नळ्या, बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारे रबरी थांबे), अलाइनमेंट अजून बाहेरच.

आता टायरच्या मापाकडे. दगडावर आपटतं ते डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा. तुमचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे, त्यामुळे लिफ्ट किटने डिफरन्शियल एक मिलिमीटरही वर जात नाही. ते फक्त टायर वाढवून वर जातं, तेही व्यासातल्या वाढीच्या निम्मं. तुमचा मूळ टायर २३५/७५ आर १५, व्यास सुमारे ७३३ मिमी. ३१ इंची टायर कागदावर ७८७ मिमी, म्हणजे डिफरन्शियलखाली २७ मिमी वाढ. ३३ इंचीला ८३८ मिमी, वाढ ५२. हा २५ मिमीचा फरक कशाच्या बदल्यात मिळतो ते बघा. ३३ इंचीने व्यास १४ टक्के वाढतो, म्हणून तुमचं ४.१० चं फायनल गिअर (डिफरन्शियलमधलं गुणोत्तर) ३.५९ सारखं वागू लागेल. जुन्या इंजिनला चढावर एक गिअर खाली यावं लागेल, क्लच जास्त घासेल, आणि वर्षभरात तुम्ही डिफरन्शियलचे गिअर बदलायचा खर्च विचारायला याल. ३१ इंचीला हाच फरक ७ टक्के, ३.८२ सारखा. तो जाणवतो, पण गाडी पेलते.

मीटरचंही लक्षात असू द्या. ३१ इंचीवर काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग जवळजवळ ८६ असेल. किलोमीटरही कमी मोजले जातील: ८,००० दिसतील तेव्हा खरे ८,६०० च्या आसपास झालेले असतील. टायर बदलल्यावर 'मायलेज पडलं' म्हणून घाबरणाऱ्यांतले निम्मे या हिशेबात फसतात. आधी मीटरच्या आकड्याला १.०७ ने गुणा, मग इंधनाचं गणित मांडा. ऑइल बदलायचं अंतरही त्याच हिशेबाने धरा.

मड-टेरेन की ऑल-टेरेन, यात मला फारसा वाद दिसत नाही. आठवड्याचे सहा दिवस डांबरावर जाणाऱ्या गाडीला ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे). मड-टेरेनचे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर कमी पकड देतात, आवाज करतात, लवकर झिजतात. समजा ऑल-टेरेन ५०,००० किलोमीटर गेले आणि मड-टेरेन ३२,०००. तुमच्या रनिंगला ते अनुक्रमे सहा आणि चार वर्षं. महाग टायर लवकर संपवण्याचा हा व्यवहार महिन्यातल्या एका रविवारासाठी आहे. भारांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मात्र मूळ टायरच्या खाली जाऊ देऊ नका. उलट दहा-प्लायचा (जास्त मजबुतीचा) जड टायर हलक्या गाडीला घातलात तर तो दगडासारखा कडक लागतो आणि शॉकअपला उगाच काम लावतो.

रिमचे १५ भाग सरळ खोडा. ३१×१०.५ टायर ७ ते ९ इंच रुंदीच्या रिमवर बसतो आणि तुमचे रिम ७ इंचीच आहेत. बाहेर काढलेले रुंद रिम व्हील बेअरिंगवर जास्त भार टाकतात आणि वळताना टायर मडगार्डला आधी घासवतात. पैसे देऊन घेतलेली कटकट.

माझा आराखडा तुमच्याच दरपत्रकांवरून. ३१ इंची ऑल-टेरेन पाच टायर, ७ प्रमाणे ३५ भाग. मूळपेक्षा ४० मिमी उंच नवे मागचे पाटे १२. बुश, शॅकल पिन (शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारा झुलता दुवा) आणि पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट ४. मागचे दोन योग्य लांबीचे शॉकअप ४. पुढे टॉर्शन बार फिरवून साधारण २५ मिमी, त्याला सुटा भाग लागत नाही, फक्त अलाइनमेंटचा १ भाग. एकूण ५६. उरलेले ४ गंजलेल्या बोल्टांसाठी ठेवा, २२ वर्षांच्या गाडीत दोन-तीन तरी कापूनच काढावे लागतात. मूळ मापाचे टायर ६ ला मिळतात आणि मूळ उंचीचे पाटे ११ ला, म्हणजे या ५६ मध्ये निव्वळ हौस ६ भागांची आहे. बाकी ५० दुरुस्ती, ती तुम्हाला चुकलीच नसती. तुमच्या पहिल्या बेतातली ४० भागांची उधारी मात्र पूर्णच्या पूर्ण हौसेची होती.

टॉर्शन बार फुकटात फिरतो म्हणून जास्त फिरवू नका. त्याने चाकाची एकूण हालचाल वाढत नाही. खाली जायची जागा कमी होऊन तीच वर दिसते. सस्पेन्शनचा हात खाली जायच्या थांब्याला टेकत राहिला की प्रत्येक खड्ड्यात ठक्क वाजतं, अ‍ॅक्सल शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात. मागे स्वस्तात उंची म्हणून कुणी लांब शॅकल सुचवेल: ५० मिमी लांब शॅकलने उंची मिळते जेमतेम २५, आणि डिफरन्शियलचा कोन फिरतो तो वेगळाच. बसलेल्या पाट्यांखाली ठोकळा घालणं तर म्हाताऱ्याला उंच चपला देण्यासारखं आहे, पाटे बसायचे ते बसतातच.

पैसे मोजण्यापूर्वी दोन कामं. पहिलं, चॅसिस. शॅकलचा कंस जिथे चॅसिसला जोडलेला आहे तिथे हातोडीने ठोकून बघा. भद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, तर वरचा सगळा आराखडा बाजूला ठेवा आणि आधी वेल्डिंग. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंगचा खेळ (सैलपणा) त्याच वेळी तपासा, जड टायरखाली झिजलेला सांधा लपत नाही. इथे खर्च निघाला तर पाटे चार महिने थांबू शकतात, स्टिअरिंग थांबू शकत नाही. आणि रोजची गाडी उभी राहणार असेल तर या दुरुस्तीसाठी आपत्कालीन निधीतूनही थोडं काढायला माझी हरकत नाही. हौसेच्या ६ भागांसाठी आहे.

दुसरं काम, एकच ३१ इंची टायर पुढच्या चाकाला लावून बघा, दुकानदाराला आधीच तसं सांगा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मग तिरप्या दोन चाकांखाली (पुढचं एक, विरुद्ध बाजूचं मागचं एक) ठोकळे देऊन पुन्हा वळवा. चाक बंप स्टॉपपर्यंत वर दाबलं गेलं की लिफ्ट असो-नसो ते पूर्वीच्याच जागी पोचतं, म्हणून तिथे घासणारा टायर उंचीने सुटत नाही. प्लॅस्टिकचं अस्तर घासलं तर थोडं कापता येतं. चॅसिसला घासला तर ३०×९.५ घ्या, तोही मूळपेक्षा जवळपास २८ मिमी मोठा आहे.

बसवताना गॅरेजवाल्याला एवढं बजावा: जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले की ताणले. पाट्यांच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ती मजुरी दुसऱ्यांदा तुमच्याच खिशातून जाईल. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर आणि यू-बोल्ट ५०० च्या आसपास पुन्हा तपासायचे. हेडलाइटची दिशाही खाली करून घ्या.

विमा कंपनीला टायरच्या मापाचा आणि उंचीचा बदल आधी लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडला तर आजची बचत त्यापुढे किरकोळ ठरेल. नोंदणीच्या नियमांत किती बदल चालतो तेही बयाणा देण्यापूर्वी विचारून घ्या. विकताना लिफ्टचे पैसे सहसा परत येत नाहीत, तेव्हा व्हॉल्व्हच्या दांडीचा मूळ कंस आणि चांगले असलेले जुने भाग खोक्यात नाव घालून ठेवा.

कर्जाच्या हप्त्याएवढे १.९ भाग महिन्याला बाजूला पडणार असतील, तर पहिल्या दोन महिन्यांतून हवेचा चांगला गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्या. कच्च्या वाटेवर हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणलीत की टायर जमिनीला लांबट टेकतो आणि पकड वाढते. वेग कमी ठेवा आणि डांबरावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरा.

तिसऱ्या महिन्यापासूनची रक्कम निधीत टाका, चाराचे पाच महिने होईपर्यंत. त्यानंतरही ३३ इंची हवेच असं वाटलं तर डिफरन्शियलच्या गिअरचं दरपत्रक सोबत जोडून लिहा.