रविवारी ड्युटी असते. शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा पवित्र दिवस, दुसऱ्या दिवशी पाळला तर चालतो का?

बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत चालतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्र १४:५ मध्ये दिवस पाळण्याचा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनाच्या खात्रीवर सोडला आहे. कॅथलिकांना मात्र रविवारच्या मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) बंधन असतं, पण शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने ते पूर्ण होतं. ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. तिथे दिवस बदलत नाही.

तुमचा दिवस मंगळवार असेल तर सोमवारी संध्याकाळीच सुरू करा. बायबलमधला दिवस तसाही संध्याकाळी सुरू होतो, आणि सकाळपासून मोजलं की आदल्या रात्रीची उरलेली कामं हमखास आत शिरतात. म्हणून कपडे, बाजार, बिलं सोमवारी दुपारपर्यंत उरका, ऑफिसचे ग्रुप म्यूट करा. सलग २४ तास जमत नसतील तर ६ तासांपासून सुरुवात करा.

बहुतेकांचं बिनसतं ते इथे: सुट्टी तुमची, पण स्वयंपाक-भांडी घरातल्या दुसऱ्याच्या गळ्यात. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, ५:१४ मध्ये, दास-दासींनाही विसावा सांगितलाय, अगदी बैल-गाढवालासुद्धा! आदल्या दिवशीच जास्तीचं रांधून ठेवा. आजाऱ्याची सेवा, लेकराचं दूध यांत शब्बाथ मोडत नाही. येशूने त्या दिवशी रोगी बरे केले होते. आणि रविवारची उपासना चुकते, तेव्हा आठवड्यातल्या एखाद्या प्रार्थनासभेला जात चला. विसावा एकट्याने घेता येतो, संगती नाही.