सीपॅप लावल्यावर नाक चोंदतं? मास्क बदलण्याआधी पाण्याची टाकी तपासा

तुमच्या आईंबद्दल वाचलं. सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून नाकात हवा ढकलणारं) नुकतंच आलंय, झोपताना नाक मोकळं असतं, पण रात्री दोन-अडीचला दोन्ही नाकपुड्या गच्च होतात, त्या मास्क काढून ठेवतात आणि सकाळी तोंडाला कोरड पडलेली असते. मशीन दिलेला माणूस म्हणतोय, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घ्या. तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर आत्ता घेऊ नका. माझं अगदी हेच झालं होतं, आणि त्या मास्कवर घातलेले पैसे वाया गेले.

मी डॉक्टर नाही. नागपुरात राहते, बरीच वर्षं मशीन लावून झोपते, त्यातून जे कळलं तेवढंच लिहिते. औषधांचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

झोपेची तपासणी, प्रेशर वगैरे तुमचं झालेलंच असणार, त्यात जात नाही. सकाळी तोंड कोरडं पडतं हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. नाकाच्या आत जे मांसल भाग असतात त्यांचं कामच आत येणारी हवा गरम आणि ओलसर करणं. तोंड मिटलेलं असेल तर नाकाने आत गेलेली हवा नाकानेच बाहेर येते आणि येताना थोडा ओलावा नाकाला परत देते. मशीन नाकातून हवा ढकलत असताना झोपेत तोंड उघडलं की तीच हवा नाकातून शिरते आणि तोंडातून निघून जाते. एकाच दिशेने, तासन्तास. आतलं अस्तर सुकतं, रक्तवाहिन्या फुगतात, सूज येते आणि नाक बंद. नाक बंद झालं की माणूस तोंड आणखी उघडतो. सर्दी-पडसं काही नसताना नेमकं मध्यरात्रीच नाक चोंदतं ते बहुतेक वेळा यामुळे. सीपॅपचा उपचार सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली जगासमोर आणला. तोंडातून हवा सुटली की नाकातला अडथळा वाढतो, आणि गरम ओलसर हवा दिली तर तो फारसा वाढत नाही, हेही त्यांच्याच गटाने 1996 मध्ये मोजून दाखवलं. इतकी जुनी गोष्ट आहे ही. मशीन विकणाऱ्यांना ती माहीत नसावी याचा मला अजूनही राग येतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ मला मशीन देणाऱ्या पुरवठादाराच्या ऑफिसने खाल्ला. नाव लिहीत नाही. मशीन घेताना मी मशीनची हवा गरम आणि ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, ते थंड देशांसाठी असतं, आपल्याकडे गरज नाही." हे नागपुरात! एप्रिल-मेमध्ये इथली हवा एवढी कोरडी असते की वाळत घातलेला टॉवेल बघता बघता कडक होतो. नाक बंद होतं अशी तक्रार केली तर मोठा मास्क गळ्यात मारला. तो रात्रभर कडेने फुसफुसायचा, डोळ्यांत हवा जायची, आणि पट्टे आवळले की नाकाच्या हाडावर लाल वळ. पुन्हा फोन केला तर "नाकाचा प्रॉब्लेम आहे, ईएनटीला दाखवा". ईएनटी म्हणाले, हाड किंचित वाकडं आहे, पण दिवसभर नाक मोकळं असतं आणि मशीन लावल्यावरच बंद होतं, तर मशीनवाल्यांशी बोला. अशी टोलवाटोलवी.

शेवटी हट्टाने टाकी घेतली. तरी फरक शून्य. रोज रात्री पाणी भरायचं, सकाळी टाकी जवळपास तेवढीच भरलेली. ऑफिसात फोन करून विचारलं की पाणी कमी का होत नाही, तर "पाणी उरतंय म्हणजे मशीन चांगलं चाललंय". उरलेलं पाणी चांगलं लक्षण! पुढे झोपेच्या डॉक्टरांकडच्या टेक्निशियनने मशीनचा आतला मेनू उघडला तेव्हा कळलं, टाकी गरम करण्याचं सेटिंग पुरवठादाराने बंदच ठेवलं होतं, आणि मला दिसणाऱ्या मेनूतून तो पर्यायही काढून टाकला होता. म्हणजे मी कितीही बटणं फिरवली असती तरी ते सापडलंच नसतं. त्याने ते सुरू केलं, आकडा मधोमध आणला. काही रात्रींतच फरक पडला. पण तोवर मी मशीन लावणं सोडून दिलं होतं, दिवसा पेंगत होते, बीपी पुन्हा वर गेलं होतं, आणि घरातले समजत होते की मीच चालढकल करते आहे. तुमच्या आईंवर ही वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबवलं.

तेव्हा आज रात्री एवढंच करा. टाकीत खुणेपर्यंत पाणी भरा आणि सकाळी किती उरलं ते बघा. रात्रभर मशीन लावूनही पातळी जेमतेम हलली असेल तर सेटिंग बंद आहे किंवा फार कमी आहे. वापरणाऱ्याच्या मेनूत ओलाव्याचा आकडा दिसत नसेल तर पुरवठादाराकडे तो उघडून मागा, तोंडी नको, लेखी मेसेज करा. आकडा मधोमध ठेवून सुरुवात करा, दोन-तीन रात्रींनी एकेक पायरी वाढवा. फार वाढवलं तर नळीत पाणी जमून गुळगुळ आवाज येतो आणि पहाटे नाकावर थंडगार थेंब पडतात. आमच्याकडे डिसेंबरात हमखास होतं. तेव्हा आकडा खाली आणण्याआधी नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला कापडी खोळ घाला. गरम होणारी नळीही मिळते, महाग आहे पण मला पटली. मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीतलं पाणी चेहऱ्याकडे येत नाही.

पाणी रोज बदला. डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम, नाहीतर आरओचं चालवून घ्या आणि टाकीत पांढरा थर धरला की व्हिनेगर-पाण्याने धुऊन टाका. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी मात्र घालू नका, ते श्वासात जाण्यासाठी बनवलेलं नसतं. निलगिरीचं तेल, विक्स, कापूर यातलंही काही टाकीत नको. आमच्या शेजारच्या काकूंनी निलगिरी घातली होती, खोकल्याने जीव हैराण झाला. आणि फिल्टर बघा. कूलर लावून झोपत असाल, किंवा दिवाळीच्या धुरानंतर, तो काळा झालेला असतो. पातळ पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

झोपण्याच्या तासभर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं मला फार उपयोगी पडलं. पाव लिटर पाण्यात चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं थेट कधीच नाही. नाकातून मेंदूपर्यंत पोचणाऱ्या अमिबाने केरळमध्ये गेल्या काही वर्षांत माणसं गेली आहेत, त्यामुळे यात मला हयगय चालत नाही.

डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला असेल तर तो नाक धुतल्यावर मारा. मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात.

केमिस्टकडचे झटपट नाक मोकळं करणारे थेंब ही मात्र वेगळी गोष्ट. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असतं. ते सलग तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की उतार पडताच नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि माणूस पुन्हा थेंब घालतो. माझा मावसभाऊ वर्षभर उशाशी बाटली ठेवून झोपायचा, ती सुटायला फार त्रास झाला. केमिस्ट विचारत नाही आणि सांगतही नाही. आईंना बीपी असेल तर फेनिलेफ्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय देऊ नका.

तोंडाला चिकटपट्टी लावायचं सध्या फॅड आहे. वयस्क माणसाला, त्यातून नाक बंद होत असताना, माझा ठाम विरोध. हनुवटीचा पट्टा काहींना चालतो, मला टोचला. डोक्याकडची बाजू थोडी उंच केली तर नाकाची सूज कमी राहते, हे करून बघायला पैसे लागत नाहीत.

मोठा मास्क कधीच घेऊ नये असं नाही. ज्यांचं नाक दिवसाही बंद असतं त्यांना तो लागू शकतो. पण तो तोंडाची वाट मोकळी करून देतो, नाक का सुजतंय ते शोधत नाही. आईंचं एकाच बाजूचं नाक कायम बंद असेल, त्यातून रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, वास येणं गेलं असेल, तर टाकीच्या प्रयोगात वेळ न घालवता ईएनटीला दाखवा.

सकाळी मशीनच्या पडद्यावर लीकचा, म्हणजे रात्री किती हवा गळली त्याचा, आकडा येतो. तीन-चार रात्रींचा तो आकडा आणि टाकीत किती पाणी उरलं ते इथे लिहा. त्यावरून तोंडातून हवा सुटतेय की आहे तोच मास्क नीट बसत नाहीये, याचा अंदाज येईल.