रिसेप्टरची रचना पहिल्यांदा उघडताना
साताऱ्यात घरच्या लॅपटॉपवर प्रथिनांच्या त्रिमितीय रचना बघायला शिकायला बसलीस, फार बरं वाटलं. प्रोटीन डेटा बँकेतली (प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह) १जी०वाय (1G0Y) या क्रमांकाची रचना उघड. दाह पेटवणाऱ्या इंटरल्युकिन-१ या संदेशवाहक प्रथिनाचा रिसेप्टर (पेशीवरचं, तो संदेश पकडणारं प्रथिन) आणि त्याला अडवणारं २१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, दोन्ही एकत्र दिसतील.

- आधी फक्त रिबन, म्हणजे साखळीची फितीसारखी आकृती. रिसेप्टरचे तिन्ही डोमेन (स्वतंत्र घडीचे भाग) वेगळे रंगव. पेप्टाइड पहिल्या दोघांना धरून बसलंय.
- मग १आयटीबी (1ITB) ही रचना शेजारी आण, त्यात त्याच रिसेप्टरला इंटरल्युकिन-१ बीटा चिकटलेलं आहे. दोन्ही रचना एकमेकींवर जुळवताना पहिले दोनच डोमेन घे. नवखे सगळी साखळी जुळवतात आणि गोंधळतात, कारण तिसरा डोमेन पार वेगळ्या दिशेला वळलाय. खरं बघायचंय ते हेच!

१जी०वायचं रिझोल्यूशन (रचना किती बारकाईने दिसते ते) ३ अँगस्ट्रॉम, म्हणजे जरा ढोबळच आहे, त्यामुळे एकेका हायड्रोजन बंधावर विसंबू नकोस. डॉकिंगला (रेणू कुठे बसेल याचा संगणकावर अंदाज घेणं) एवढ्यात हात लावू नको. अडलीस तर बिनधास्त विचार.