टोकियोत सुमो बघायला जायचंय. चार वाजता पोहोचलं तर चालेल का? तिकीट कोणतं घ्यावं?

नाही चालणार. सकाळी जा.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आण्णा माझ्याकडे टोकियोला आले होते. तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत मेहनत केलेला माणूस, दोन्ही कान मोडलेले. इथे 10 वर्षं काढलेले आमचे भावजी म्हणाले, "सकाळी नुसती पोरं लढतात. मोठे पैलवान पावणेचारच्या सुमारास येतात, सहाला संपतं. चारला जाऊ." भावजींना उलटून कसं बोलायचं म्हणून मी गप्प होतो. आण्णाच म्हणाले, "कुस्तीला पहिल्या जोडीआधी बसायचं असतं."

आम्ही दोघं नऊला ऱ्योगोकूला उतरलो. कोकुगिकान, म्हणजे सुमोचं सभागृह, स्टेशनाला लागूनच आहे. सुमारे 11,000 माणसं मावतात तिथे, तेव्हा शंभर-दोनशे असतील. मातीच्या उंच ओट्यावर कोवळी पोरं लढत होती, काळ्या सुती मावाशीत. मावाशी म्हणजे त्यांचा लंगोट. रंगीत रेशमी मावाशी फक्त वरच्या दोन गटांना, पगारही त्यांनाच. खालच्यांना 15 दिवसांच्या स्पर्धेत 7 कुस्त्या, त्यातल्या निदान 4 मारल्या तर क्रमवारीत वर सरकायचं.

एक किडकिडीत पोरगं दुप्पट गड्यासमोर आलं. सुमोत वजनी गट नसतात. पोरगं खाली घुसलं, कंबर धरली, पार कडेपर्यंत रेटत नेलं आणि तिथे स्वतःच आधी टेकलं. जागेवर परत येऊन वाकलं आणि खाली उतरलं. आण्णा खुर्चीच्या टोकावर आले होते. "पायात दम हाय पोराच्या. दोन वर्सं थांब म्हणावं." दुपारी मोठे पैलवान मीठ उधळायला लागले तेव्हा म्हणाले, "आपण मातीत हळद-ताक घालतो, हे मीठ टाकतात," आणि बसल्या जागी हात जोडले.

भावजी साडेचारला आले. सहाला बाहेर पडताना म्हणाले, "जाड माणसांची ढकलाढकली." आण्णा काही बोलले नाहीत. मला आजही भावजींच्या त्या बोलण्याचा राग येतो. सकाळचं ते पोरगं पाहिलं असतं तर पैलवान वजन कशासाठी कमावतात हे त्यांना दिसलं असतं. शेवटच्या तासातली कुस्ती पाच-दहा सेकंदांत निकाली होते, तेवढीच बघून मत देऊ नये.

टोकियोतल्या स्पर्धा जानेवारी, मे आणि सप्टेंबरात. मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका. तिकिटं साधारण महिनाभर आधी निघतात, शनिवार-रविवारची लगेच संपतात. वरच्या मजल्यावरची खुर्ची घ्या. खालचे चौघांचे चौकोन म्हणजे दिवसभर जमिनीवर मांडी, वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. अगदी ओट्याजवळ खाणंपिणं आणि फोटो बंद, शिवाय पैलवान अंगावर येऊ शकतो.

कुस्त्या साडेआठच्या सुमारास सुरू होतात, शेवटच्या दिवसांत जरा उशिरा. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र एक वाजता जा, दिवसभर ती बसणार नाहीत. आणि बरोबरच्या कुणाला चारलाच यायचं असेल तर त्याचं तिकीट त्याच्या हातात द्या, तुम्ही पुढे व्हा.