पाच महिने पाळी नाही, घरात स्थळं बघणं चालू, आणि आई म्हणते कुणाला सांगू नकोस

पत्र थोडक्यात: ताई, मी २६ वर्षांची, मूळची सांगलीकडची, पुण्यात नोकरी करते, पीजीत राहते. वजन ७१ किलो. कॉलेजपासूनच पाळी दोन-तीन महिन्यांनी यायची, मागच्या वर्षी सोनोग्राफीत पीसीओडी (यालाच पीसीओएसही म्हणतात, अंडाशयातून बीज नीट न सुटण्याचा हार्मोनचा आजार) निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने पाळी दर महिन्याला यायला लागली पण आईला पाकीट सापडलं, त्या गर्भनिरोधक गोळ्या आहेत हे कळल्यावर घरात रडारड झाली आणि मी बंद केल्या. आता पाच महिने पाळी नाही. हनुवटीवर केस येतात, रोज ऑफिसला पोचल्यावर आधी वॉशरूममध्ये जाऊन चिमट्याने काढते, आरशात बघवत नाही. काकू म्हणते लग्न झालं की सगळं ठीक होतं, तिच्या सांगण्यावरून दोन उपवास आणि काढा चालू आहे. आई म्हणते मुलाकडच्यांना काही बोलायचं नाही. मला मूल होईल का? मी सांगू की नको?

अगं, तू मुलाकडच्यांचं विचारलंयस ते मी सांगतेच, पण आधी ते पाच महिने. स्थळ बिळ सगळं बाजूला ठेव आणि या आठवड्यात डॉक्टरकडे जा. तू लिहिलं नाहीयेस म्हणून विचारते, रागावू नकोस, पण संबंध आले असतील तर जायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट करून घे, केमिस्टकडे मिळते. तसं काही नसेल तर डॉक्टर बहुतेक पाच ते दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतील, त्या संपल्या की साधारण आठवड्याभरात पाळी येते.

हे एवढं घाईने का सांगतेय ते समजून घे. दर महिन्याला अंडाशयातून एक बीज बाहेर पडतं, ते पडलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला सांगतं की आता वाढायचं थांब, मग ते कमी झालं की अस्तर गळून जातं, तीच पाळी. तुझ्यात बीजच सुटत नाहीये म्हणून ते सांगणारं कुणी नाही, अस्तर आपलं जाड होत राहतं. ९० दिवसांच्या वर पाळी आली नाही तर डॉक्टरला दाखवायचंच, कारण वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर पुढे त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुझ्या वयात तो फार कमी असतो, घाबरून रात्रभर जागू नकोस, पण दुर्लक्षही करायचं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं. तेव्हा पीसीओडी हा शब्दच आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. सहा-सहा महिने पाळी नाही, आणि आली की पंधरा दिवस थांबायची नाही, बिचारी गादीवर जुन्या साडीच्या चार घड्या घालून झोपायची आणि पहाटे कुणी उठायच्या आत न्हाणीघरात जाऊन ती घडी धुवायची. डॉक्टर म्हणाले लग्न करून द्या, आम्ही दिलं. वर्षभरात हिमोग्लोबिन सहावर आलं आणि रक्त चढवावं लागलं. म्हणून तुझ्या काकूचं वाक्य वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. लग्नाने हार्मोन बदलत नाहीत गं. लग्नाआधी जे इन्सुलिन जास्त आहे ते लग्नानंतरही जास्तच असतं.

हो, इन्सुलिन. या आजाराचं नाव अंडाशयावरून पडलंय, १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांबद्दल लिहिलं तेव्हा त्यांना सुजलेली अंडाशयं दिसली, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथेच अडकलं. पण बऱ्याच जणींमध्ये आतली गोष्ट अशी असते की शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाही, मग शरीर ते जास्त बनवतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे अंडाशय टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त तयार करतं. हनुवटीवरचे केस त्यामुळे, पिंपल्स त्यामुळे, बीज अर्धवट वाढून थांबतं तेही त्यामुळे. सोनोग्राफीत ज्या सिस्ट म्हणून लिहिल्यात ना, त्या गाठी नाहीतच, त्या वाढता वाढता थांबलेल्या बीजांच्या बारीक पुटकुळ्या आहेत, २ ते ९ मिलीमीटरची. त्या कापून काढायच्या नसतात. तुझ्या मानेची मागची बाजू काळवंडलीये का बघ, घासून जात नाही असा काळेपणा असेल तर तो मळ नाही, ती इन्सुलिनचीच खूण असते.

आणि नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारत नाहीत हेही लक्षात ठेव. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, आणि सोनोग्राफी, या तिन्हीतल्या दोन गोष्टी लागतात. तुझ्यात त्या दिसतायत, पण थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) बिघडलं तरी पाळी अशीच चुकते, म्हणून त्या टेस्ट झाल्यात का ते विचार. टेस्टोस्टेरॉन, उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि बीपी हेही करून घे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असशील (खूप मुली घेतात) तर डॉक्टरांना आणि लॅबला आधीच सांग, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आता त्या पाकिटाबद्दल. आई वाईट नाही, घाबरलीये, तिच्या लेखी त्या गोळीचा अर्थ एकच. तिला सांग की या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे दोन हार्मोन आहेत, ज्यांचं माझ्यात मागेपुढे झालंय, ती अस्तर जाड होऊ देत नाही आणि टेस्टोस्टेरॉन खाली आणते. या गोळीने मूल व्हायला पुढे अडचण येत नाही. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी कुणालाही न विचारता घेतात, त्याही हार्मोनच्याच असतात, तेव्हा कुणी रडत नाही. मात्र ही गोळी म्हणजे आजार मुळातून गेला असं नाही, बंद केली की पाळी परत रेंगाळू शकते, तुझं तेच झालंय. आणि सगळ्यांना चालत नाही, मायग्रेनमध्ये डोळ्यासमोर चमकत असेल, बीपी असेल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर डॉक्टरांना सांगायचं, ते दुसरं काही देतील, इन्सुलिनवर काम करणारं मेटफॉर्मिनही देतात कधी कधी. माझं म्हणणं आहे की आईलाच सोबत घेऊन जा. तू दहा वेळा सांगितलेलं तिला पटणार नाही ते डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की पटेल.

काढा आधी बंद कर, निदान त्यात काय आहे ते डॉक्टरांना दाखवेपर्यंत. आणि उपवास. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा आणि साखरेचा चहा, हे म्हणजे ज्या इन्सुलिनचं दुखणं आहे त्यालाच खतपाणी. श्रद्धेने करत असशील तर मी कोण बोलणार, पण पाळी यावी म्हणून करत असशील तर सोड. मेसच्या डब्यात पोळी-बटाटा-भातच असतो हे मला माहितीये, त्यात स्वतःची एक वाटी घाल, मोड आलेली मटकी, दही, उकडलेलं अंडं, जे जमेल ते. पोळीऐवजी भाकरी मिळाली तर उत्तम. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाल, दोन दिवस वजनं उचल किंवा जिने चढ. १५ किलो उतरवायचे असं डोक्यात घेऊ नकोस, पाच टक्के म्हणजे तुझ्या बाबतीत साडेतीन किलो, तेवढ्यानेही बऱ्याच जणींची पाळी सुधारते. आणि वजन नाही उतरलं तरी चालण्याचा फायदा होतोच, काटा बघून रडायचं नाही. बारीक मुलींनाही हे होतं, त्यामुळे "खाण्यावर ताबा नाही म्हणून झालं" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

केसांचं मला सगळ्यात जास्त लागलं गं. रोज सकाळी चिमटा घेऊन दार लावून उभी राहणारी तू डोळ्यासमोर आली. थ्रेडिंग कर, रेझर वापर, त्याने केस जाड होत नाहीत, ही भीती काढून टाक. गोळ्यांचा केसांवर फरक दिसायला सहा महिने जातात, दीड महिन्यात काही झालं नाही म्हणून सोडू नकोस. लेझर करायचं तर हार्मोन आटोक्यात आल्यावर, नाहीतर पैसे घालवून केस परत. आणि आरशात बघवत नाही असं रोजच वाटत असेल, झोप जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग, या आजारात उदास वाटणं, धडधडणं जास्त दिसतं, तू कमकुवत आहेस म्हणून नाही. सरकारची टेली मानस १४४१६ ही लाइन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मूल होईल का? पीसीओएस असलेल्या बहुतेक जणींना होतं. काहींना आपोआप, काहींना बीज सुटायच्या गोळ्या, लेट्रोझोल वगैरे घेऊन. थोडा वेळ लागू शकतो, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं.

आणि मुलाला सांगायचं का, तर हो, पण कांदेपोह्यांच्या बशीसमोर सात माणसांत नाही आणि मध्यस्थाकरवी तर अजिबात नाही. बायोडेटात लिहायचं नाही. दोन-तीनदा भेटलात, दोघांनाही पुढे जावंसं वाटलं, की होकाराच्या आधी तू स्वतः सांग. "मला पीसीओएस आहे, पाळी अनियमित येते, औषध चालू आहे, मूल व्हायला कदाचित वेळ लागेल, तुला काही विचारायचं असेल तर विचार." एवढंच. माफी मागितल्यासारखं बोलू नकोस. लपवलंस तर लग्नानंतर गोळी कुठे ठेवायची इथून सुरुवात होईल आणि परत औषध बंद पडेल, मला तीच काळजी आहे. ऐकून तो मागे सरला तर वाईट वाटेल, वाटू दे, माझ्याकडे येऊन रड. पण त्याने विचारलं की तुझ्या गोळीची वेळ काय असते, तर मला लगेच कळव.

शनिवारी जाऊन आलीस की लिही. रिपोर्टात काय आलं ते नाही लिहिलंस तरी चालेल, आई सोबत आली का एवढं मात्र नक्की लिही.

तुझी ताई